पार्कहर्स्टची मुलं: २३४ जणांचं शीट बनवतानाच्या नोंदी

९ मार्च

काम काय आहे ते आधी सांगते. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेट आहे, तिथे पार्कहर्स्टला १८३८ च्या डिसेंबरात फक्त मुलांसाठी सरकारी जेल सुरू झालं. त्या जेलमधली २३४ मुलं १८४२ ते १८४९ मध्ये जहाजांनी आम्ही राहतो तिकडे, म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आणली गेली. पहिली १८ जणांची तुकडी ऑगस्ट १८४२ ला सायमन टेलर या जहाजावरून पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदरात उतरली. या सगळ्यांचं एक शीट करायचं, एका मुलाला एक ओळ: नाव, वय, गुन्हा, कोर्ट, शिक्षा, जहाज, कोणाकडे कामाला ठेवला आणि पुढे काय झालं. तयार झालं की कोणालाही फुकट वापरू द्यायचं.

मी पर्थला येण्याआधी महाराष्ट्रात निरीक्षणगृहात, आपण ज्याला रिमांड होम म्हणतो तिथे, समुपदेशक होते, त्यामुळे ही मुलं मला नुसती इतिहासातली वाटत नाहीत. कोणाला न्यूझीलंडला किंवा कॅनडाला पाठवलेल्या अशा मुलांवर असंच काम करायचं असेल तर कुठे वेळ जातो ते आधी कळावं म्हणून या नोंदी लिहून ठेवतेय.

१६ मार्च

सुरुवातच अडखळली. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख ही तारीख म्हणून कळतच नाही, १८४२ ची तारीख लिहिली की तो ती साधं अक्षर समजून ठेवतो, मग सॉर्ट करायला गेलं की सगळं उलटसुलट, आणि दोन तारखांमधलं अंतर काढायचं म्हटलं तर एरर. मला तर नेमकं तेच अंतर हवंय, शिक्षा झाली त्या दिवसापासून जहाजात चढेपर्यंत मुलगा किती काळ आत होता ते.

मराठी मंडळात एक कॉलेजचा मुलगा आहे, त्याने लिबरऑफिस टाकून दिलं, त्यात जुन्या तारखा नीट चालतात. तरी मी वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे कॉलम पण ठेवलेत, कारण कित्येक ठिकाणी फक्त महिना आणि वर्षच मिळतं, आणि दिवस माहीत नसताना १ तारीख टाकून दिली की सहा महिन्यांनी ती खरी तारीख वाटायला लागते. भरलेल्या ओळी परत भरायला लागल्या, दोन वीकेंड त्यातच गेले. तुम्ही पहिल्या दिवसापासून हे करा.

३० मार्च

खटले शोधायला घेतले. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे खटले ऑनलाइन फुकट वाचता येतात, ही फार मोठी सोय आहे. मुलांचे खटले बहुतेक चारपाच ओळींचे, तारीख, काय चोरलं, त्याची किंमत किती शिलिंग, वय, दोषी, सात वर्षं काळं पाणी. रुमाल फार वेळा येतो. रेशमी रुमाल तेव्हा विकला जायचा, खिशातून ओढायला सोपा, आणि त्यासाठी बारा तेरा वर्षांच्या मुलाला सात वर्षं, ही ओळ कितीही वेळा समोर आली तरी पुढच्या ओळीवर पटकन जाता येत नाही.

अडचण अशी की ओल्ड बेली म्हणजे फक्त लंडन आणि आसपासचा भाग. मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लॅस्गोकडच्या मुलांचं तिथे काहीच नाही. मी बरीच नावं "खटला सापडला नाही" म्हणून बाजूला टाकली होती, ती चुकीच्या जागी शोधली गेली होती इतकंच. उपाय म्हणजे इंग्लंड आणि वेल्सची जिल्हावार गुन्हेगारी रजिस्टरं, लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एचओ २७ या क्रमांकाखाली आहेत, १८०५ ते १८९२. त्यात खटल्याची हकिगत नसते पण कोर्ट, तारीख, गुन्हा, शिक्षा मिळते. स्कॉटलंडचं सगळं वेगळंच, ते अजून हातात घेतलेलं नाही. पार्कहर्स्टचं स्वतःचं रजिस्टर एचओ २४ मध्ये आहे, त्यावरून कोर्ट आणि तारीख आधी घ्यायची आणि मगच खटला शोधायचा. नावावरून सुरुवात केली की जॉन आणि विल्यम इतके निघतात की चुकीचा मुलगा गळ्यात पडतो.

यासाठी एका वंशावळीवाल्या साइटचं पैसे भरून सभासदत्व घ्यावं लागलं. महिन्याचं घ्या, वर्षाचं नको, आणि आधी यादी तयार करून मग घ्या. माझा पहिला महिना अर्धा यादी करण्यातच गेला.

१३ एप्रिल

वय. एकाच मुलाचं वय खटल्यात एक, जेलच्या रजिस्टरात दुसरं, इथे उतरल्यावर तिसरं. जन्माची सरकारी नोंदणी इंग्लंडमध्ये १८३७ च्या जुलैपासून सुरू झाली, ही मुलं त्याच्या आधीची, त्यामुळे दाखला असण्याचा प्रश्नच नाही, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद असली तर असली. शीटमध्ये आता वयाचे तीन कॉलम आहेत आणि तिन्ही जसेच्या तसे भरतेय, सरासरी काढत नाही. जुळवाजुळव करताना तीन वर्षं इकडे तिकडे चालवून घेते.

रिमांड होममध्ये पण हेच असायचं, शाळेचा दाखला नाही, आई म्हणते गणपतीत झाला पण कुठल्या साली ते सांगता येत नाही, आणि त्या एका वर्षावर पोरगं कुठल्या कायद्यात बसतं ते ठरणार. वय लिहिणारा माणूस बहुतेक वेळा चेहरा बघून लिहितो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे, त्यामुळे १८४० च्या कारकुनाने काय केलं असेल त्याचा अंदाज येतो.

२७ एप्रिल

दर्जा नावाचा एक कॉलम वाढवला. याच्यावरून दोघातिघांशी वाद झाला, त्यांचं म्हणणं कैदी ते कैदी. पण कागदोपत्री तसं नाही. १८४२ च्या शेवटी तिकडचे गृहमंत्री जेम्स ग्रॅहॅम यांनी धोरण स्पष्ट केलं, पार्कहर्स्टला जो मुलगा येईल तो समुद्रापार जाणारच, पण कसा जाणार ते त्याच्या वागणुकीवर. ज्यांचं वागणं चांगलं ते माफी मिळून परदेशात मोकळे किंवा उमेदवार म्हणून, म्हणजे काम शिकायला ठरावीक मुदतीसाठी मालकाशी बांधलेले, ज्यांचं नाही ते टास्मानियाला कैदी म्हणून. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आले ते उमेदवार. म्हणजे माफी होती, पण अट अशी की मुदत संपेपर्यंत परत जायचं नाही आणि सरकार नेमेल त्या मालकाकडे राबायचं. त्यामुळे इथे येताना ते कायद्याने कैदी नव्हते, आणि मोकळेही नव्हते.

वसाहतीलाही हे सोयीचं होतं. १८२९ ला वसलेली ही वसाहत, १८४८ च्या जनगणनेत वसाहतवाले सगळे मिळून ४,६२२ माणसं, शेतावर हात मिळत नव्हते आणि कैद्यांची वसाहत म्हणवून घ्यायची तयारी अजून नव्हती. खरे कैदी इथे १८५० पासून आले. त्याच्या आधीची ही मुलं, उमेदवार नावाखाली. गव्हर्नर जॉन हट त्याआधी मद्रासकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता हे कळल्यावर मी आपल्याकडचं पण बघितलं, तर १८५० साली हिंदुस्थानात उमेदवारीचा कायदा झालेला, दहा ते अठरा वर्षांच्या गरीब किंवा किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांना मालकाशी बांधून द्यायचा. तोच विचार दोन्हीकडे एकाच दशकात आलेला दिसतो.

या मुलांवर लक्ष ठेवायला सरकारने एक पालक अधिकारी नेमला, जॉन शोल्स. तो १८४७ ला वारला, मग फ्रेडरिक विटेनूम आला. मुलं कोणाकडे आहेत, कशी आहेत याचे त्यांचे अहवाल हा माझ्या शीटचा कणा आहे.

१८ मे

अहवाल शोधणं वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाहून लंडनला गेलेला पत्रव्यवहार नॅशनल आर्काइव्ह्जच्या सीओ १८ या क्रमांकाखाली आहे आणि त्याच्या मायक्रोफिल्म आता ट्रोववर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर, फुकट बघता येतात, पण नावाने सर्च होत नाही, पान पान उलटायला लागतं. फिल्म कुठे कुठे इतकी फिकट आहे की शाईचा मागमूस नाही. एक युक्ती चालली, इमेज डाउनलोड करायची, रंग उलटे करायचे म्हणजे काळ्यावर पांढरं, मग कॉन्ट्रास्ट वाढवायचा. न वाचता येणारी बरीच पानं त्याने वाचता आली. तरीही न लागलेला शब्द मी अंदाजाने भरत नाही, चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह टाकते.

वर्तमानपत्रांचं वेगळंच. पर्थ गॅझेट आणि इन्क्वायरर दोन्ही ट्रोववर आहेत, पण मशीनने वाचलेला मजकूर इतका फाटका की पार्कहर्स्ट शब्द शोधून अगदी थोडं हाती लागतं. आणि तेव्हाचे लोक प्रत्येक वेळी पार्कहर्स्ट म्हणत पण नसत, सरकारी भाषेत ती "बाल स्थलांतरित" होती. त्या शब्दांनी शोधलं, शोल्सच्या नावाने शोधलं, मग मालकांच्या नावाने शोधलं, तेव्हा बातम्या मिळायला लागल्या. मालकाच्या नावाने शोधणं हा सगळ्यात कामाचा उपाय, कारण मालकाचं नाव पेपरात नीट छापलेलं असतं आणि मुलगा त्याचा "मुलगा" किंवा "नोकर" म्हणून येतो, नावाशिवाय. पळून गेलेल्या उमेदवाराची जाहिरात मिळते तीही मालकाच्या नावानेच.

८ जून

जॉन गॅविनची ओळ भरली. मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण या विषयावर जो कोणी लिहितो तो इथूनच सुरुवात करतो.

गॅविन १८४३ ला शेफर्ड जहाजावरून आला, वय १५. पर्थच्या दक्षिणेला पिंजारा गावाच्या जवळ दांडलप भागात पोलार्ड कुटुंबाच्या शेतावर त्याला उमेदवार ठेवला. १८४४ च्या सुरुवातीला त्याने त्या घरातल्या १८ वर्षांच्या जॉर्ज पोलार्डला झोपेत मारलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खटला चालला आणि ६ एप्रिल १८४४ ला फ्रीमँटलला राउंड हाउस जेलच्या बाहेर फाशी दिलं. अंगाने इतका हलका की पायाला वजनं बांधावी लागली. नंतर त्याच्या डोक्याचा साचा घेतला, कवटीवरून स्वभाव ओळखायचं तेव्हा जे खूळ होतं त्यासाठी मेंदूही तपासला, आणि वाळूच्या टेकाडात पुरलं. या वसाहतीत कायद्याने फाशी गेलेला तो पहिला युरोपियन.

मी राउंड हाउसला जाऊन आले, चुनखडीच्या दगडातलं बारा बाजूंचं बुटकं बांधकाम, १८३१ चं, बंदराच्या तोंडावर. तिथल्या स्वयंसेवकांना गॅविनची गोष्ट पाठ आहे. बाकीच्या मुलांबद्दल विचारलं तर कोणाला फारसं सांगता आलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कागदच तसे आहेत. गॅविनवर पेपरात रकानेच्या रकाने आहेत, शेजारच्या ओळीतल्या मुलावर आख्ख्या आयुष्यात मिळून एक ओळ. जॉर्ज पोलार्डचं पण तसंच, मारला गेला म्हणूनच नाव उरलं, अठरा वर्षांचा होता बिचारा. मी शीटमध्ये गॅविनच्या ओळीला दुसऱ्या कुठल्या ओळीपेक्षा जास्त जागा दिलेली नाही. कॉलम तेवढेच, शब्द तेवढेच.

अजून एक, ती जमीन रिकामी नव्हती. पिंजाराला १८३४ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर स्टर्लिंगच्या तुकडीने तिथल्या मूळ रहिवासी नूनगार लोकांवर गोळीबार करून कत्तल केली होती, त्याच्यानंतर दहा वर्षांच्या आत पार्कहर्स्टचा पोरगा तिथे उमेदवार म्हणून उभा. आणि १९१२ ला त्याच पिंजाराला फेअरब्रिजची शेतीशाळा निघाली, परत ब्रिटनहून पाठवलेल्या मुलांसाठी. त्या पुढच्या पिढ्यांची माफी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००९ ला आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २०१० ला मागितली. शीटमध्ये याला जागा नाही, म्हणून जिल्ह्याच्या कॉलमखाली टीप म्हणून टाकलंय.

२२ जून

"पुढे काय झालं" हा कॉलम मोडला. सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच.

आधी त्यात चार पर्याय होते: स्थिरावला, परत गुन्हा, वसाहत सोडली, मेला. भरताना लक्षात आलं की अहवालात शेवटचा शेरा "वर्तन चांगलं, उमेदवारी पूर्ण" असा असेल आणि त्यानंतर काही सापडलं नाही की मी स्थिरावला टाकतेय. कशाच्या जोरावर? मुदत संपली तेव्हा लिहिणाऱ्याचं काम संपलं, एवढंच त्यातून कळतं. रिमांड होमच्या फायलीत शेवटी लिहिलेलं असायचं, पालकांच्या ताब्यात दिले. फाइल बंद. तो मुलगा दुसऱ्या दिवशी स्टेशनवर झोपला का घरी पोचला का काकाने वीटभट्टीवर नेला, फायलीला माहीत नाही, आणि वर्षाच्या अहवालात मात्र तो पुनर्वसन झालेल्यांच्या आकड्यात. मी ते आकडे स्वतः भरलेत, वरून फॉरमॅट तसाच यायचा.

पार्कहर्स्ट आणि त्याच्यानंतरच्या सुधारगृहांचं यश बऱ्याच अंशी याच पद्धतीने मोजलं गेलं असं माझं मत झालंय. समुद्रापार पाठवलेला मुलगा इंग्लंडच्या कोर्टात परत दिसूच शकत नाही, म्हणजे कागदावर तो सुधारलाच. बोट सुटली की आकडा चांगला. म्हणून आता तो एक कॉलम काढून तीन केलेत. पहिल्यात शेवटची नोंद कोणत्या वर्षाची, दुसऱ्यात ती कोणी लिहिली, तिसऱ्यात त्यानंतर स्वतंत्र पुरावा काय: लग्न, मूल, जमीन, शिक्षा, मृत्यू. तिसरा रिकामा असेल तर तो रिकामाच ठेवायचा, आणि त्यावरून काही निष्कर्ष काढायचा नाही. इथली जन्म-लग्न-मृत्यू नोंदणी १८४१ पासून आहे, त्याची सूची फुकट बघता येते, प्रत्यक्ष दाखल्याला मात्र पैसे पडतात आणि ते कमी नाहीत. फक्त जिथे दोन सारख्या नावांमध्ये निवड करायची होती तिथेच मी दाखला मागवला.

आधी भरलेली सगळी शीट या तीन कॉलमांसाठी परत करावी लागली. वेळ गेला त्याचं दुःख नाही.

२० जुलै

तुलनेसाठी रेडहिलचे थोडे कागद मागवले. पार्कहर्स्ट हे सरकारी जेल, रेडहिल ही धर्मादाय शेतीशाळा. फिलँथ्रोपिक सोसायटी १७८८ ची, १८४९ ला लंडनच्या साउथवर्कमधून सरे परगण्यातल्या रेडहिलला गेली, फ्रान्समधल्या मेत्रेच्या शेतीवसाहतीचा कित्ता समोर ठेवून. तिचे कागद वोकिंगच्या सरे हिस्टरी सेंटरमध्ये आहेत. स्कॅनचा खर्च पानागणिक, त्यामुळे आधी त्यांची ऑनलाइन सूची वाचून नेमकी पानं सांगा, "या वर्षातलं सगळं पाठवा" असं लिहू नका.

दोन गोष्टी कामाच्या निघाल्या. एक म्हणजे तिथे मुलं गेल्यानंतरही पत्रव्यवहार चालू राहिला, कॅनडाहून, ऑस्ट्रेलियाहून पत्रं यायची, म्हणजे माझा तो तिसरा कॉलम थोडा तरी भरतो. पण पत्र लिहिणारा कोण असतो? ज्याचं बरं चाललंय, ज्याला लिहिता येतं आणि ज्याला तिथल्या कोणाची तरी आठवण येते तो. दुसरी गोष्ट कायद्याची. १८५४ च्या कायद्याने १६ वर्षांखालच्या मुलाला आधी निदान १४ दिवस तुरुंग आणि मग दोन ते पाच वर्षं सुधारगृह असं चाललं, आईबापांकडून आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत वसुली. १८९१ च्या कायद्याने सुधारगृहाच्या चालकांना मुलगा परदेशी पाठवायची मुभा मिळाली, अट होती मुलाची स्वतःची संमती आणि गृहमंत्र्याची मंजुरी. आईबापांना त्यात जागा नाही. चालकांना भीतीच ही होती की आईबाप आले की मुलगा परत जुन्या गल्लीत जाईल. म्हणून मी शीटमध्ये आईबापांचा कॉलम घातला, नाव कळत असेल तर नाव, नाहीतर खटल्यात आईने साक्ष दिली का एवढं तरी.

मेरी कारपेंटर हे नाव आपल्याकडे ऐकलेलं असेल, ब्रिस्टॉलची, तिने पार्कहर्स्टवर कडक टीका केली, त्याच्या उलट असावं म्हणून १८५२ ला किंग्जवूड आणि १८५४ ला मुलींसाठी रेड लॉज काढलं, आणि १८६६ पासून हिंदुस्थानात चार वेळा येऊन गेली. १८७६ ला आपल्याकडे सुधारगृहांचा कायदा झाला. माहीमच्या डेव्हिड ससून शाळेचा इतिहास १८५७ पर्यंत मागे जातो. तिथली जुनी रजिस्टरं कोणी अशी ओळीओळीने लावली तर मला त्याच्यासोबत काम करायला फार आवडेल.

१० ऑगस्ट

नावं जाहीर करावीत का? भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही, माझ्या अंगात ते इतकं मुरलंय की पहिल्या दिवसापासून हात अडखळत होता. इथे पावणेदोनशे वर्षं होऊन गेलीत, रजिस्टरं खुली आहेत, आणि नावं झाकली तर ही मुलं परत एक आकडाच होऊन बसतात. शेवटी ठरवलं ते असं: मुलांची नावं राहतील, पण त्यांच्या मुलाबाळांच्या पुढची एकही पिढी शीटमध्ये नाही. एका कुटुंबाकडून मेल आला होता, त्यांना आपला पणजोबांचा बाप पार्कहर्स्टचा होता हे माहीत नव्हतं. मी त्यांना आधी खटल्याच्या ओळी पाठवल्या नाहीत, आधी विचारलं काय काय बघायचंय. त्यांनी दोन दिवसांनी सांगितलं सगळं पाठवा.

३१ ऑगस्ट

पहिली आवृत्ती टाकली. सातही जहाजांची बेरीज २३४ ला जुळते. स्कॉटलंडचे खटले बाकी आहेत, १८४७ नंतरचे विटेनूमच्या काळातले अहवाल अर्धे वाचून झालेत.

न्यूझीलंडवाल्यांसाठी: ऑकलंडला १८४२ च्या ऑक्टोबरात सेंट जॉर्ज जहाजावरून ९२ आणि १८४३ च्या नोव्हेंबरात मँडरिनवरून ३१ मुलं उतरली, तिथल्या वसाहतवाल्यांनी विरोध केला आणि पुढे कोणी पाठवलं नाही. १२३ नावं, म्हणजे एकट्याने उरकेल असं काम आहे. शीटचा साचा तसाच घ्या, फक्त सीओ १८ च्या जागी सीओ २०९, ट्रोवच्या जागी पेपर्स पास्ट ही न्यूझीलंडच्या जुन्या वर्तमानपत्रांची साइट. आणि १८४९ नंतर मुलगा ऑकलंडमध्ये दिसेनासा झाला तर कॅलिफोर्निया पण बघा, सोन्याच्या बातमीने ऑकलंडची बरीच माणसं तिकडे गेली होती. शेवटच्या तीन कॉलमांचा मात्र परत एक कॉलम करू नका.